बावीस नावाच्या कुत्र्याची आणि माझ्या दोन खोल्यांची व्यवस्था

तीन घरांत कुत्रा टिकला नाही आणि दोष माझ्या माथी आला. पहिलं घर म्हणालं, मी त्याला लाडावून ठेवलाय. दुसरं म्हणालं, मी त्याच्याबद्दल खोटं सांगितलं. तिसरं घर माझ्या सख्ख्या भावाचं. त्यानं तर काही म्हटलंच नाही, कुत्रा परस्पर घाटमाथ्यावर नेऊन टाकला. म्हणून हा कागद लिहायची पाळी आली. नोटरीकडचा कारकून म्हणाला, "बाई, मृत्युपत्रात माणसांची नावं घालतात, कुत्र्यांची नाही." मी म्हटलं, "माणसांचं मागाहून बघू, तू आधी कुत्र्याचं लिही." त्यानं पेन खाली ठेवलं. आता मीच लिहितेय. शाळेत तीन इयत्ता काढल्या, अक्षर वेडंवाकडं आहे. ज्याला गरज असेल तो लावून वाचेल.

मी, निकासिया चोकेवांका तार्की, वय त्रेपन्न, धंदा पाव विकण्याचा, राहणार ला पास, विया फातिमाच्या वरच्या चढावर, हे माझ्या हातानं, दिवसाउजेडी, शुद्धीवर असताना लिहिते. दारू घेतलेली नाही. मागं उभं राहून कुणी सांगत नाहीये. डॉक्टर म्हणतात हृदय वाढलंय. डोक्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. सोमवारी सतरा तारखेला छाती उघडणार आहेत. उठले तर हा कागद चुलीत घालीन. नाही उठले तर लिहिल्याबरहुकूम करायचं, स्वतःची अक्कल त्यात घालायची नाही.

मला मूलबाळ नाही. नवरा आन्सेल्मो चौदा वर्षांपूर्वी कामाला म्हणून सांताक्रूसला गेला आणि तिकडंच दुसरं घर थाटलं. फारकतीचा कागद ट्रंकेत अगदी वर आहे. त्याला माझ्याकडून काही नाही. आलाच दारात तर त्याचा रेडिओ द्यावा. तो बंद आहे. चालू होता तेव्हाही त्यावर काय लावायचं ते तोच ठरवायचा.

पहिलं. टोलनाक्यावरची माझी जागा, म्हणजे पत्र्याचं छप्पर, फळी, पावाच्या दोन मोठ्या टोपल्या आणि वर झाकायच्या लोकरीच्या चादरी, हे सगळं हेर्कुलाना केंताला. ती माझ्या शेजारी बसून उकडलेली अंडी आणि गरम चहा विकते. बारा वर्षं झाली, त्यातली अकरा भांडणात गेली. पण लघवीला जायचं झालं तर टोपली मी तिच्याच भरवशावर सोडली. अट एकच. ताजा पाव माणसांना, शिळा पिशव्यांत भरून कुत्र्यांसाठी. हेर्कुलाना, उलट करायचं नाही. मला माहीत आहे तू उलट करतेस.

भिशीचा माझा नंबर ऑक्टोबरात आहे. ते पैसे हेर्कुलानानंच उचलावेत आणि पुरण्याचा खर्च त्यातून करावा. उरले तर नाक्यावरच्या बायकांना बिअर पाजावी. माझी टोपी माझ्याबरोबर पुरायची. शालीची चांदीची पिन भावजय फोर्तुनाताला. पिनेला काही अट नाही.

दुसरं, कुत्रा. हे लांबेल.

युंगासच्या खोऱ्याकडं उतरणारी एकही गाडी घाटमाथ्यावर थांबल्याशिवाय पुढं जात नाही. ड्रायव्हर चाकांवर दारू शिंपडतो आणि कुत्र्यांना पाव टाकतो, म्हणजे खालची वाट सुखरूप जाते. कुत्रे रस्त्याच्या कडेनं आपापली जागा धरून बसलेले असतात. तो पाव मी विकते, वीस वर्षं. आणि वीस वर्षं लोक मला एकच विचारतात, वरच्या कुत्र्यांचं कसं चालतं. मागच्या वर्षी मार्चमध्ये एका शनिवारी एक पांढरी मिनीबस थांबली. नवरा, बायको, मागं दोन पोरं, आणि पोरांच्या मधून तोंड बाहेर काढलेला एक पिवळा कुत्रा. माणसानं चार पिशव्या घेतल्या.

"मावशी, वरच्यांना पुरतं का हो खायला?"

"माझ्यापेक्षा बरं जेवतात. लठ्ठ झालेत नुसते."

"आणि थंडीचं काय?"

"अंगावर केस आहेत की! त्यांना कुठं माझ्यासारखे चार घागरे घालायला लागतात?"

बाई हसली. तो हसला नाही. हे मी सगळ्यांनाच सांगायचे, कारण ऐकून बरं वाटलं की माणूस एक पिशवी जास्त घेतो.

सोमवारी मी रेम्बेर्तो सिन्यानीच्या ट्रकमधून खाली संत्री आणायला निघाले. माथा ओलांडला, आणि बावीस आकडा लिहिलेल्या पाटीपाशी तोच पिवळा कुत्रा. समोर माझी निळी पिशवी, मी मारलेली गाठ तशीच. दुसरा कुत्रा जवळ आला की गुरगुरायचा. स्वतः मात्र खात नव्हता. सामान राखायला बसवल्यासारखा बसला होता.

"रेम्बेर्तो, थांबव गाडी."

"कशाला ताई? इथं सगळे असेच."

"हा इथला नाही."

"आता झाला."

"थांबवतोस, की मी दार उघडून उडी मारू?"

थांबवली. मी पिशवी उचलली, कुत्रा पिशवीमागं चढला. संत्री राहिली. पाटीवरचा आकडाच त्याचं नाव पडलं.

टाकणारा माणूस नालायक होता, ते मी देवासमोरही सांगीन. पण टाकायचा धीर त्याला माझ्या तोंडून आला. मी "उपाशी मरतात" म्हटलं असतं, तर त्यानं कदाचित गाडी वळवली असती. कदाचित नसती वळवली. ते मला आता कळणार नाही, आणि विचार करून करून मी थकलेय. तेव्हापासून विचारणाऱ्याला मी सांगते, "थंडीनं मरतात. पाव टाका, कुत्रा टाकू नका." हेर्कुलाना म्हणते, "अगं, गिऱ्हाईक पळवायचंच असेल तर दगड मार, बोलतेस कशाला!"

त्याला मी ठेवून घेतला असता. पण माझा दिवस नाक्यावर जातो, तोही मागोमाग येतो, आणि पांढरी मिनीबस दिसली की धावत रस्त्यात जातो. दार उघडलं की आत डोकावतो, एकेकाचा वास घेतो, मग परत येऊन बसतो. एकदा धडक बसली, मागच्या पायानं अजून लंगडतो. त्याला रस्त्यापासून लांब घर हवं होतं. मी शोधलं.

पहिलं घर एल आल्तोला, हेर्कुलानाच्या चुलतभावाचं. नवव्या दिवशी परत. "हा घर राखत नाही, रस्ता राखतो," म्हणाला. दुसरं एका शिंप्याचं. त्याला मी मिनीबसचं सांगितलंच नाही, नुसतं "गरीब कुत्रा आहे" म्हटलं. दोन दिवसांत कुत्रा पळून माझ्याकडं आला, आणि मागून शिंपी आला भांडायला. खोटं मी बोलले होते, कबूल करते.

तिसरा माझा भाऊ सेवेरो. तो स्वतः मिनीबस चालवतो, पांढरी. मला वाटलं, पांढरीच हवी ना याला, मग घे पांढरी. तीन इयत्तांची अक्कल. कुत्रा गाडीत चढला तो उतरेनाच. दाराशी बसून चढणाऱ्या प्रत्येकाचे पाय हुंगायचा. लोक ओरडायचे. सेवेरोनं दोन आठवडे सोसलं, ते मी नाकारत नाही.

मग गाडीचा गिअर गेला आणि ती आठ दिवस गॅरेजात पडली. त्या आठ दिवसांत मी एकदा पाव घेऊन गेले होते. फोर्तुनाता अंगणात बटाटे सोलत बसलेली, आणि बावीस तिच्या घागऱ्याला टेकून पडलेला. त्याची पाठ फाटकाकडं होती. बाहेर गाड्या जात होत्या, त्यानं कान हलवला नाही. माझ्याकडं तो असा एकदाही बसला नाही.

"काय केलंस गं वहिनी याला?"

"काही नाही. सालं टाकते, तो हुंगतो."

"बोलतेस का त्याच्याशी?"

"बोलते थोडं," म्हणाली, आणि लाजली. पंचवीस वर्षांत त्या घरात मी तिला नवऱ्याशीही थोडं बोलताना ऐकलं नव्हतं.

गाडी दुरुस्त झाली आणि यंदाच्या मे महिन्यात सेवेरोनं त्याला माथ्यावर सोडला. मला चार दिवसांनी फोनवर सांगितलं.

"जिथला होता तिथं ठेवला, ताई. पावही टाकला. तुझ्याचकडचा."

"अरे गाढवा! फोर्तुनाता काही म्हणाली नाही?"

"ती काय म्हणणार? फाटक तिनंच उघडलं."

रेम्बेर्तो तेव्हा गाडी घेऊन कारानावीला होता. दुसऱ्या एका ट्रकनं मला माथ्यावर सोडलं, पुढं मी चालत गेले. बर्फ पडत होतं. बावीसच्या पाटीपाशी तो होता. कानाची टोकं काळी पडलेली, पिशवी रिकामी. या खेपेला पाव खाल्ला होता. ते बघून मला पहिल्या खेपेपेक्षा वाईट वाटलं. आता तो कुणाचं सामान राखत नव्हता. बाकीच्यांसारखा बसला होता, तोंड गाड्यांच्या खिडक्यांकडं.

त्याला घेऊन माथ्याकडं परत चढताना मी पडले. एका बसवाल्यानं आम्हा दोघांना उचललं. मग दवाखाना, मग तपासण्या. कुत्रा तेव्हापासून माझ्याकडंच आहे. रेम्बेर्तो म्हणतो कुत्र्यानं माझा जीव घेतला. डॉक्टर म्हणतो, हे लहानपणचं, खोऱ्यातल्या मातीच्या घरातला किडा चावला, हृदय त्यानं वाढलं. मी डॉक्टरचं धरते. कुत्र्यावर आणखी काही घालायला नको.

तिसरं, घर. दोन खोल्या विटांच्या, अंगण, उंच भिंत, नळ अंगणात. वर यायला एकशे चौदा पायऱ्या आहेत आणि रस्ता नाही. म्हणजे दारापर्यंत कुठलीच गाडी येत नाही, ना पांढरी ना काळी. मी आयुष्यभर या पायऱ्यांना शिव्या दिल्या. हे घर मी फोर्तुनाता लायमे हिच्या एकटीच्या नावानं करते. सेवेरोच्या नावानं एक वीट नाही. त्याला तिथं राहायचं असेल तर राहावं, पण मिनीबस खाली ठेवून, पायी चढून, आणि कुत्र्याला हात न लावता. अट ही की बावीस मरेपर्यंत त्याच अंगणात राहील आणि फोर्तुनाता त्याच्याजवळ राहील. तो मेल्यावर घर विकलं तरी माझी हरकत नाही.

तिनं नाही म्हटलं तर घर विकून पैसे नाक्यावरच्या भिशीतल्या सगळ्या बायकांना सारखे वाटावेत, आणि कुत्रा हेर्कुलानाकडं जाईल. ती उपाशी ठेवणार नाही. पण नाक्यावर त्याला बांधावा लागेल, दुसरा इलाज नाही. दिवसभर दोरीला बांधलेला तो पांढऱ्या गाड्या बघेल. मला ते नको आहे. पण तेव्हा मी विचारायला नसेन.

वरचं सगळं मी दोघा साक्षीदारांना मोठ्यानं वाचून दाखवलं. हेर्कुलाना शिळ्या पावाच्या कलमावर भांडली, तरी ते तसंच ठेवलंय.

ला पास, रविवार, नऊ ऑगस्ट दोन हजार पंधरा.

निकासिया चोकेवांका तार्की (सही, आणि अंगठाही, कुणी शंका काढायला नको)

साक्षीदार: हेर्कुलाना केंता (अंगठा)

साक्षीदार: रेम्बेर्तो सिन्यानी, ट्रक ड्रायव्हर (सही)

सह्यांखाली आणखी, फोर्तुनातासाठी. याची नक्कल रेम्बेर्तो तुझ्या हातात देईल, तुझा नवरा गाडीवर गेल्यावर. तुला वाचता येत नाही, तोच वाचून दाखवेल. वहिनी, फाटक तू उघडलंस म्हणून मी तीन महिने तुझ्याशी बोलले नाही. आता बोलतेय, कारण दुसरं कुणी नाही. शुक्रवारी मला दवाखान्यात घेतील. त्याआधी, गुरुवारी तेरा तारखेला दुपारी बारापर्यंत, तू स्वतः नाक्यावर ये आणि हो किंवा नाही म्हण. नाही म्हणालीस तरी चालेल, मी रागावणार नाही, कागद आहे तसाच राहील. पण सेवेरोच्या हाती निरोप पाठवू नकोस, तो मी घेणार नाही. आणि गप्प बसू नकोस. गुरुवारी बारापर्यंत, तुझ्या तोंडानं.