चौकातल्या भिंतीवर दादा

असुन्सिऑन, १० फेब्रुवारी २००९

ती. दिवंगत दादास नेमेसियाचा नमस्कार.

'दिवंगत' हे माझ्या पदरचं नाही, चौकातल्या भिंतीने ठरवलंय, तेव्हा माझ्यावर रागावू नकोस. नदीपलीकडे तुझी बेकरी आणि तुझे गुडघे ठीक असतील अशी आशा आहे. इकडे उकाड्याने जीव नकोसा झालाय, पण घरचे सगळे (तू सोडून) हयात आहेत.

घोळ आईचा. तू होडीतून पळालास तेव्हा पोलीस रोज दारात यायचे आणि आई एकच पाठ म्हणायची, "कुठे गेला ठाऊक नाही, नाहीसा झाला." पुढे हुकूमशहा गेला, पोलीस गेले, पाठ मात्र राहिला. स्मारक समितीची भली माणसं नाहीशा झालेल्यांची यादी करायला आली, तर आईला दिसला तो फक्त त्यांच्या हातातला कागद. तिने तेच ऐकवलं, वर डोळेही पुसले. (मी शेजारीच होते. मीही मान डोलावली. कागदवाल्याला खरं सांगायची सवयच कुठे राहिली होती आपल्याला?) झालं, क्रिसान्तो मारेको दगडात कोरला गेला.

तीन तारखेला भिंतीचं अनावरण झालं, आणि हुतात्म्याची बहीण म्हणून भाषण माझ्या गळ्यात पडलं. तू पत्रकं वाटायचास हे सांगितलं. उरलेली आईच्या चुलीत घालायचास हे गाळलं. मी रंगात आले होते, तेवढ्यात आईने थंड पाण्याचा थर्मास हुकूमशहाच्या हाताला अडकवला. (त्याचा पुतळा फोडून काँक्रीटच्या ठोकळ्यांत चेपलाय, तोंड आणि हात तेवढे बाहेर.) रखवालदार धावत आला.

"आजी, स्मारक आहे ते, खुंटी नाही."

"पस्तीस वर्षं नुसतं ओरबाडलं मेल्याने," आई म्हणाली. "आता जरा धरू दे की. बस तू, तेरेरे घे."

आईने पेल्यातल्या पाल्यावर गार पाणी ओतलं, तो बिचारा बसला. एक पेला झाला, दुसरा झाला, पाचवा झाला. 'आभारी आहे', म्हणजे आता पुरे, असं म्हणेपर्यंत आई पेला भरायची थांबते का? शेवटी म्हणाला, तेव्हा सुटला.

मग आईने तुझ्या नावावर बोट ठेवलं आणि रडली. मला वाटलं, पोलिसांपुढे रडायची तसंच. पण घरी आल्यावरही थांबेना. परवा तुझा फोन तिने आपटला तो चुकून नव्हे. "कोणी भामटा माझ्या पोराचा आवाज काढतोय," म्हणाली. दादा, ती हे खरं मानायला लागलीये. मला फार भीती वाटते.

नाव काढायला मी समितीकडे गेले. तिथल्या बाईंनी नियम बघून सांगितलं, मृताने स्वतः ओळखपत्र घेऊन हजर राहावं.

तशी काही घाई नाही. गुडघ्यांना जप.

तुझी (आणि हुतात्म्याची) धाकटी बहीण,
नेमेसिया

ता. क. घाई नाही हे खोटं. आई चौऱ्याऐंशीची झाली. आधी तुला भीती होती, मग बेकरी, मग गुडघे. तेहतीस वर्षं झाली, दादा.

ता. क. दुसरा. भामटा दारातच आला तर काय करशील, असं आज आईला विचारलं. म्हणाली, "तेरेरे देईन, दुसरं काय. माझा क्रिसान्तो त्या दिवशी अर्धा पेला ठेवून मागच्या दाराने पळाला. 'आभारी आहे' म्हणाला नव्हता. त्याची पाळी राहिलीये अजून." तेव्हा ये, बस, पी. आणि काही झालं तरी आभार मानू नकोस.