रुमालाखालचा हात

माकणी,
१५ जुलै २०२४

प्रिय राजेश्वरी,

इकडं सगळे बरे. आईचा गुडघा कुरकुरतो, पण आई त्याहून जास्त कुरकुरते, म्हणजे ठीकच. तुझे फोन आले, उचलले नाहीत. राग धरू नकोस. तुझा आवाज ऐकला की माझं मत तिथंच पलटतं, म्हणून हे पत्र.

मी शेळी घेतली. हसू नकोस.

काल काकांबरोबर बाजारात गेलो होतो. आमच्या घरात जनावर घ्यायचं ते काकांच्या डोळ्यानं. व्यापारी धोंडप्पानं माझा हात रुमालाखाली ओढला. तिथं तोंडानं बोलायचं नसतं, बोटं दाबून भाव ठरतो, शेजारच्यालाही कळत नाही. मी सवयीनं काकांकडं बघायला लागलो, तसा धोंडप्पा म्हणाला, "तिकडं काय बघतूस? हात तर तुझा हाय न्हवं?"

मागं काका खोकले. म्हणजे नको. तरी मी बोट दाबलं.

घर येईपर्यंत काका चार पावलं पुढंच चालत राहिले. आई म्हणाली, "ही शेळी हाय का काठीला कातडं?" चुकलोही असेन. पण लई दिवसांनी चूक माझी स्वतःची आहे.

आठवतं, कँटीनमध्ये तू सहज म्हणालीस, "या कॉलेजात काही राम नाही"? दुसऱ्याच दिवशी मी सरांशी भांडून कॉलेज सोडलं. तू मात्र परीक्षेला बसलीस. वर फोनवर मलाच म्हणालीस, "मी बोलले आणि तू सोडलंस? तुझं डोकं कुठं होतं?" तेव्हा मी मोबाइल आपटला. तुझ्या आवडीचा चहा, तुझ्या पसंतीचा शर्ट. माझं म्हणावं असं तुझ्यावरचं प्रेम तेवढं होतं.

आता तू मेसेजमध्ये लिहितेस, परत ये, ॲडमिशन चालू आहेत, तरच मी घरी आपल्या लग्नाचं बोलीन. कुणाला न विचारता लई विचार केला. राजी, मी येणार नाही. मला शेळ्या पाळायच्या आहेत. तू 'नाही' म्हणालीस तर तो तुझा विचार. भांडायला कॉलेजच्या फाटकावर येणार नाही.

पण एकदा माकणीला ये. शेळीचं नाव मीच ठेवलंय. आवडलं नाही तरी बदलणार नाही, एवढं सांगून ठेवतो.

आजवर चिठ्ठीखाली 'तू म्हणशील तसा' असं लिहायचो. आज हात तिथं थांबला.

तुझा, आणि आता थोडा माझाही,
शंभू