डावा हात पदरात बांधून

नागपूर,
३ ऑक्टोबर, दसऱ्याचा दुसरा दिवस

चि. सौ. कौशल्येस, तुह्या मोठ्या बहिणीचा आशीर्वाद.

इकडे सारे बरे आहेत, माहे गुडघे सोडून. तुमच्या संत्र्याच्या बागेतला आंबिया बहार कसा आहे ते कळव. तू आता काठी धरून अंगणात फिरते म्हणे, महादेवराव सांगत होते. फोनवर तू ‘हं, हं’ करते आन् ठेवून देते, म्हणून चौथी शिकलेल्या बाईनं पेन हातात घेतला. पत्राचं तोंड असं बंद करता येत नाही. महादेवराव, तुम्ही बायकोले वाचून दाखवून राहिले ना, तर मधलं काही गाळू नका. मोठ्यानं वाचा.

बातमी अशी, की काल दसऱ्याले गाडी घरी आली. सात माणसांची, पांढरी. दीक्षाभूमीकडचे रस्ते बंद, म्हणून सुमंतनं पार लांबून फिरवून आणली. चाकाखाली लिंबं झाली, नारळ झाला, बॉनेटवर आपट्याची पानं झाली. शेजारीण विचारे, “कोणी पसंत केली हो?” सुमंतनं गपचूप माह्याकडं बोट दाखवलं. मी आपली आपट्याची पानं सारखी करत राहिली. पण तुले सांगते, पोलक्याची शिवण उसवते की काय असं वाटलं.

आधी मात्र घरात मोठी धुमश्चक्री झाली. दोन गाड्या निवडीले होत्या. एक काळी, उंच, वरती काचेचं छत उघडते. सूनबाईचा जीव त्या छतावर. मी म्हटलं, “वैभवी, नागपूरच्या मे महिन्यात छत उघडून काय पापड वाळवते?” सुमंत काळीच्या इंजिनावर लट्टू. दुसरी ही पांढरी. ठेंगणी, रुंद, घरच्या कामातून उठून आलेल्या बाईसारखी, नट्टापट्टा नाही. सुमंत मोबाइलवर दोघींची तुलना करे, जशा दोन पोरी सांगून आल्या. हिचा मायलेज असा, तिची डिक्की तशी.

मी एकच विचारलं, “चढून कोणी पाहिलं?”

“आई, त्यात काय पाहायचं? दार उघडायचं, बसायचं.”

“तू नको पाहू. मी पाहते.”

पैसे द्यायच्या आधी मले घेऊनच जा म्हणून अडून बसली. शोरूममधे गेल्यावर टायवाल्यानं गाणी लावून दाखवली, थंड हवा सोडून दाखवली. मी काळीच्या डाव्या दाराशी उभी राहिली. डावा हात पदरानं कमरेशी घट्ट बांधला. डावा पाय लाकडासारखा सोडून दिला. आन् चढायले लागली.

उजवा पाय तर दाराखालच्या फळीवर पोचला. पण अंग वर ओढायले उजव्या हातानं धरायचं काय? मूठ होती ती वर छताले, तीही डाव्या अंगाले. अर्धी आत, अर्धी बाहेर, मी अशी लटकली जशी दोरीवर वाळत घातलेली गोधडी. टायवाला प्लास्टिकचा स्टूल घेऊन धावला आन् माह्या काखेत हात घालायले गेला.

“हात लावशील तर खबरदार!”

सारं शोरूम पाहून राहिलं. सुमंत लालबुंद. “आई, कौशल्यामावशीची नक्कल करून राहिली का तू? लाज नाही वाटत?”

“नक्कल नाही रे बाबू. माप घेऊन राहिली.”

महादेवराव, इथं घोटभर पाणी प्या आन् पुढं वाचा.

कौशे, लकव्यानं तुहं डावं अंग गेलं तेव्हा तू रडली नाही. पण सुमंतच्या नूपुरच्या साक्षगंधाले, रामदासपेठेतल्या हॉलपुढं, आमच्या त्या जुन्या बुटक्या गाडीतून तुले चौघांनी मिळून बाहेर काढलं. इतवारीतले हमाल गव्हाचं पोतंही त्याहून जपून उतरवतात. पदर घसरला, नवऱ्या मुलाकडचे बघत उभे होते. त्या दिवशी तू जेवली नाही. जाताना म्हणून गेली, “लग्नाले मले बोलावू नका.” मी तुले समजवायले आली नाही. तुह्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

पण तुह्या नातीले कोण समजवते? ती म्हणते, “पहिली हळद मावशीआजी लावेल, नाही तर मी कोरडीच बसते मांडवात.” हट्ट कोणाचा उचलला ते काही मी लिहीत नाही.

मग पांढरीकडं वळली. फळी खाली, पाय पुरा मावेल अशी. पुढच्या डाव्या दाराच्या खांबाले आतून मूठ, नेमकी उजव्या हातात येईल तिथं. उजवा पाय ठेवला, मूठ धरली, बूड टेकवलं, मग उजव्या हातानं डावा पाय उचलून आत घेतला, जसं अडून बसलेलं वासरू गोठ्यात घ्यावं. कोणाचं बोट लागलं नाही. उतरली. पुन्हा चढली. टायवाल्यानं टाळ्या वाजवल्या, येडा कुठला. आपण दोघी एका उंचीच्या, एकमेकींची लुगडी नेसत वाढलो. मले जमलं ते तुले जमेल. आन् तू तर माह्याहून हलकी.

सगळ्यात आधी उमगलं ते वैभवीले. तीच टायवाल्याले म्हणाली, “काळी राहू द्या. ही द्या.”

सुमंत म्हणे, “अगं, तुझं छत?”

“ऊन गच्चीवरही मिळतं,” म्हणाली.

तिच्या वरणाले मी आजवर नावं ठेवली, पुढंही ठेवीन. पण त्या दिवशी बाई शोभली.

तर आता तुह्याकडं बहाणा उरला नाही. हळदीच्या आदल्या दिवशी आम्ही घ्यायले येतो. गाडी तुह्या अंगणात उभी राहील. सगळे तोंड फिरवून संत्री पाहत बसतील, महादेवरावसुद्धा. तू आपली चढ. लागेल तेवढा वेळ लागू दे. मग त्याच हॉलपुढं गाडी थांबेल आन् तू आपल्या पायानं उतरशील. बघणाऱ्यांनी डोळे भरून बघावं, आपलं काही म्हणणं नाही. पदराले मात्र पिन लावून ये.

एक राहिलं. बापूंच्या बैलबंडीत पुढची जागा मी तुले कधी बसू दिली नाही, चिमटे काढून मागं लोटायची. सुमंतच्या गाडीतही पुढची जागा माहीच, सूनसुद्धा मागं बसते. पण ती मूठ नेमकी पुढच्याच दाराले आहे. तेव्हा काय ते समज, आन् त्याचा गाजावाजा करू नको.

मागच्या सीटवरून,
तुही यमू