‘नक्की’च्या जागी

दि. ३ मार्च

चि. ठमे,
अनेक उ. आशीर्वाद.

फोन केला की तुझ्याकडे कोणीतरी आलेलं असतं आणि तू दोन शब्दांत मला कटवतेस. पत्र असं मध्येच ठेवता येत नाही, म्हणून लिहितोय.

बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन अठरा तारखेला ठरलंय. डॉक्टर म्हणाले, या वयात थोडी जोखीम धरूनच चाला. बाबांनी मला बजावलंय, ठमीला तारीख कळवायची नाही, तिचं काम अडेल. आईच्या वेळीही त्यांनी हेच केलं. तुझी परीक्षा संपेपर्यंत आईचं दुखणं तुझ्या कानावर येऊ दिलं नाही, आणि तू आलीस तेव्हा आई तुला ओळखतही नव्हती. या वेळी मी त्यांचं ऐकणार नाही. गेल्या वर्षी दोनदा येते म्हणालीस आणि आली नाहीस. आता ऑपरेशनच्या आधी ये.

बाकी आपलं ड्रायव्हिंग स्कूल बरं चाललंय. काल एका शिकाऊ काकांनी रिव्हर्स घेताना आपल्याच पाटीला ठोकलं. ‘सुरक्षित चालवा’मधला ‘सु’ गेला. आता नुसतं रक्षित चालवतो.

आशीर्वाद आहेतच, पण ते न्यायला स्वतः यावं लागेल.
तुझा, दादा


दि. ७ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी नक्की येते. रजेचं जमवते, पण नक्की. बाबांना सांग, नक्की.

एक गंमत सांगते. माझ्याकडे एक वयस्कर गृहस्थ येतात. कोण, कुठले, ते सांगणार नाही. आमच्या समुपदेशनाच्या कामात ते चालत नाही. फार सज्जन माणूस, पण आपलं सगळं दुखणंखुपणं मुलीपासून लपवतात. तिचा विषय काढला की त्यांचा उजवा पाय जमिनीवर घट्ट दाबला जातो. त्यांच्या ते लक्षातही येत नाही. परवा निघताना मला त्यांना म्हणायचं होतं, “पुढच्या बुधवारी नक्की या.” तोंडातून निघालं, “पुढच्या बुधवारी नका या.” ते हसले, मीही हसले, आणि ते मान खाली घालून बुटाची नाडी बांधत बसले.

तू म्हणशील, जीभ घसरली, दुसरं काय! पण आमच्या धंद्यात तेवढ्यावर सोडून देत नाहीत. मनाचा एक भाग आपल्याला न विचारता वागतो, आणि तो अशाच फटीतून डोकावतो. आलेल्या माणसाचा तसा माझाही. म्हणून आज शुक्रवारी संध्याकाळीच आमच्या बाईंकडे जाणार आहे. मी माझ्या कामाची उजळणी ज्यांच्यापुढे करते, त्या. चांगली खरडपट्टी निघणार बघ.

लोभ आहेच. मी चुकले तरी तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी, ठमी


दि. १० मार्च

चि. ठमे,
अनेक उ. आशीर्वाद.

चार ओळींत तीन वेळा ‘नक्की’ लिहिलंस. दुकानदार एवढ्यांदा ‘ताजं आहे’ म्हणायला लागला की मी पिशवी घेऊन पुढे जातो.

तू येतेयस असं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “नको, कशाला?” आणि जेवून उठले. दुसऱ्या दिवशी बघतो तर स्वारी मेकॅनिककडे. तू जिच्यावर शिकलीस ना, ती जुनी गाडी आठव. शेजारच्या सीटखाली शिकवणाऱ्याचा ब्रेक होता. प्रत्येक वळणावर बाबा तो दाबायचे आणि तू चिडून, उतरून, चालत घरी यायचीस. तो ब्रेक त्यांनी काढून टाकायला लावला. मेकॅनिकने कारण विचारलं, तर म्हणाले, तिला येते आता गाडी.

तोंडाने नको आणि हाताने हे. तुमच्या शास्त्रात याला काय म्हणतात ते तू सांग. आपल्या घरात याला बाबा म्हणतात.

ते घाबरलेत, ठमे. मीही घाबरलोय. आणखी काय लिहू?
दादा


दि. १३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारनंतर आलं ते बरं झालं. शुक्रवारी बाईंनी खरडपट्टी काढलीच नाही. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, तो पाय कोणाचा? मी लहान पोरीसारखी रडले. बाबांवरचा राग कधीच संपवला असं मी समजत होते. तो कुठला संपतोय! आत मुक्काम ठोकून बसला होता. ‘नका या’ मी त्या गृहस्थांना म्हटलंच नव्हतं, आणि तुला लिहिलेलं ‘नक्की’ही तेच होतं, फक्त कपडे बदलून आलेलं.

काल ते गृहस्थ आले. कधी नव्हे ते उशिरा. मी ती गोष्ट टाळली नाही. माझं रामायण सांगितलं नाही, तो तास त्यांचा असतो. एवढंच म्हटलं, मागच्या वेळी मी ‘नका या’ म्हणाले, तेव्हा तुम्हाला काय वाटलं? ते बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागले. अशा वेळी मध्ये न बोलणं हेच आमचं निम्मं काम. मग म्हणाले, “माझी मुलगी फोनवर म्हणते, बाबा, या ना. मला ते ‘नका या’ असंच ऐकू येतं.” आणि डोळे पुसले. मी त्यांच्या पायाकडे पाहिलं. तो सैल पडला होता. मुलीला सगळं सांगायचं म्हणतायत. बघू.

दादा, तिकीट काढलंय. सोळाला सकाळी पोचते. यायच्या बाबतीत या वेळी तो शब्द मी कुठेही लिहिलेला नाही, हवं तर शोध. स्टेशनवर ती जुनी गाडीच आण, आणि बाबांनाही आण. ‘नको’ म्हणतील, म्हणू देत. गाडी मी चालवीन, त्यांना माझ्या शेजारी बसव, तू मागे बस. वळण आलं की त्यांचा पाय दाबला जाईलच. दाबू दे.

या वेळी मी उतरून जाणार नाही.

बाकी सगळं भेटीत. तोवर दोघांनी आपापल्या लोभावर माझा हक्क राखून ठेवावा.
तुमची, ठमी