काळ्या पट्टीखालचा डोस

१२ मार्च

प्रिय धाकटोबा,

अनेक आशीर्वाद. आम्ही ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, आई त्याहून जास्त. गोदामातलं काम झेपतंय ना? वेळेवर जेवत जा.

बाबांच्या छपाईच्या धंद्यातली तुझी खुर्ची आता माझ्याकडे आहे. औषधांची माहितीपत्रकं मीच काढते. माउसला सुट्टी, सगळं कमांड लिहून. सुरुवातीला एकदा पीडीएफमध्ये फाँट जोडायचा राहिला आणि गिऱ्हाइकाकडे अक्षरांऐवजी नुसते चौकोन गेले. बाबांनी दिवसभर माझा उद्धार केला.

पत्रक तपासून झालं की वरची काळी पट्टी अजूनही बाबाच टाकतात. मालकाचा मान म्हणे! पट्टीवर औषधाचं नाव पांढऱ्या, ठळक फाँटमध्ये. त्याआधी चालू रंग आणि फाँट सेव्ह करायचा, नाव लिहून झालं की रिस्टोअर करून जुना रंग परत आणायचा. ते राहिलं तर लगेच खालची डोसाची ओळही पांढरीच उमटते, पांढऱ्या कागदावर; त्यापुढचे परिच्छेद आपला रंग स्वतः ठरवतात.

तुला मी काय शिकवणार म्हणा. याच चुकीपायी तू घर सोडलंस. डोसाची ओळ दिसलीच नाही आणि ते पत्रक वाचून एका आजींनी दुप्पट गोळ्या घेतल्या. आजी वाचल्या, पण तू कीबोर्डला पुन्हा हात लावला नाहीस. बाबा म्हणाले होते, पट्टी बरोबर होती, नंतर स्वल्पविराम सुधारताना तूच रिस्टोअर पुसलंस. तूही ते खरं मानलंस.

सोमवारी मी तपासून दिलेलं पत्रक पट्टी लागून परत आलं, तर डोसाची ओळ गायब. फाइल बाबांसमोर धरली.

"रिस्टोअर कुठंय?"

"राहिलं वाटतं."

"आणि त्याच्या वेळी?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तेव्हाही माझ्याकडूनच राहिलं. त्याच संध्याकाळी कळलं होतं मला. पण धंदा बसला असता गं. वाटलं, तो तरुण आहे, सावरेल."

तेव्हापासून मी त्यांच्याशी धड बोललेले नाही. राग येतो, आणि एकटेच जेवताना दिसले की कीवही येते. "त्याला कळवू नकोस," म्हणाले, "तो माझं तोंड बघणार नाही." मी म्हटलं, आत्ता तरी कुठे बघतोय?

हे त्यांच्यासमोरच बसून लिहितेय. अंधारून आलं तसे उठले, माझ्या टेबलावरचा दिवा लावला आणि मागे उभे राहून वाचताहेत. थांब म्हणाले नाहीत.

यायचं की नाही ते तूच ठरव. पण त्या आजींचं ओझं तुझं नव्हतं रे, कधीच नव्हतं.

तुझी,
ताई