जमनाबाईंच्या अर्जावर माझी सही

बोईसर, १२ फेब्रुवारी १९६६

सौ. मंजुळेस अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे, खोकलाही गेला. आईचे गुडघे कसे आहेत?

वादळात इथला बाजार भुईसपाट झाला, तेव्हा माझं शिलाई मशीन भिजू नये म्हणून दांडी गावच्या मासळीवाल्या जमनाबाईंनी होडीचं शीड आणून घातलं होतं. चिखल उपसून बाजार आम्हीच पुन्हा उभा केला. आता तारापूरला वीजकेंद्र होतंय, म्हणून पक्के गाळे बांधणार आहेत. काल गाळ्यांच्या सभेत गावचे पुढारी म्हणाले, मासळीवाल्या बायांना गाळे नाहीत, केंद्रावरच्या साहेबलोकांना वास सोसणार नाही.

जमनाबाई उठल्या. "चिखल आमी काढला, तवा वास नाय आला?"

यावर उत्तर काय, तर लेखी अर्ज करा. बायांना लिहिता येत नाही, हे ठाऊक असूनच. माझं डोकं असं तापलं की तिथेच कागद घेऊन लिहायला बसलो.

पुढारी जवळ येऊन हळूच म्हणाले, "शिंपीबुवा, तुमचा गाळा नक्की आहे. यात पडू नका."

"मग माझंही नाव याच अर्जात घालतो," म्हटलं, आणि एकवीस बायांच्या अंगठ्यांखाली सही केली.

तू काळजी करू नकोस, काम भरपूर आहे. फक्त गाळ्याचं ठरेपर्यंत तुमचं इकडे राहायला येणं लांबेल, तेव्हा आपल्या हंसाचं नाव तिथल्या शाळेतून इतक्यात काढू नकोस.

गाळा नाहीच मिळाला, तर जमनाबाईंच्या टोपलीशेजारी मशीन मांडीन. तुला तो वास चालेल ना, एवढं उलटटपाली कळव.

तुझा,
कमलाकांत