खांब कुणी मोजला?

४ मार्च

चि. खारीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. बाबांचा तोल हल्ली एका बाजूला जातो असं मी लिहिलं, तर तू लगेच त्यांना तुझ्या इस्पितळात घेऊन ये म्हणालीस. बाबा यायला तयार नाहीत. तीस वर्षं या खाणीत सुरुंग लावले, आता पोरीकडून चाल मोजून घेऊ का, असं त्यांचं म्हणणं. मग मी दुसरा मार्ग काढला. सोबत फिल्म आहे. ऑफिसच्या व्हरांड्यात त्यांना दहा फेऱ्या मारायला लावल्या. दहाव्या फेरीला त्यांनी माझा उद्धार केला, तो सुदैवाने फिल्मवर ऐकू येत नाही. कॅमेरा हलू नये म्हणून व्हरांड्यासमोर, खाणीच्या काठावर असलेल्या माझ्या मोजणीच्या खांबावरच घट्ट आवळला होता.

बाकी माझं नेहमीचंच. शुद्धगतिकी आपण दोघंही शिकलो. किती सरकलं आणि किती वेगाने ते सांगायचं, कशामुळे ते विचारायचं नाही. तू माणसांच्या नशिबी आलीस आणि मी खाणीच्या भिंतीच्या. भिंतीवर लावलेले आरसे दिवसाला दोन मिलिमीटर पुढे येतात. पाचच्या आत असलं की काळजी नाही. खाली साठ माणसं काम करतात आणि रोजच्या आकड्याखाली सही माझी असते, म्हणून डोळ्यांत तेल घालून बघतो. सकाळी खांबावर यंत्र ठेवायचं, पायाचे स्क्रू फिरवून पातळीचा बुडबुडा मधे आणायचा आणि मग मोजायचं. हल्ली स्क्रू जरा जास्तच फिरवावे लागतात. यंत्रही माझ्यासारखंच कुरकुरायला लागलंय.

उत्तर लवकर धाड.

तुझा,
दादा

८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फिल्म पाहिली. बाबा चालताना डावीकडे कलतात हे खरं, पण एका फिल्मवरून मी काही बोलणार नाही. आठवड्याभराने पुन्हा घे. तोच व्हरांडा, तोच खांब, कॅमेरा त्याच उंचीवर, आणि बाबांच्या पायात तेच बूट. तुझा धसमुसळेपणा मला ठाऊक आहे, म्हणून सगळं लिहून देतेय.

इथे मी रोज हेच करते. गुडघ्याला, घोट्याला, कमरेला पांढऱ्या टिकल्या चिकटवायच्या आणि त्या कुठून कुठे गेल्या ते मोजायचं. आपल्या कॉलेजातला तो घाऱ्या डोळ्यांचा मुलगा आठवतो? तो ताऱ्यांचं हेच करतो. मागे भेटला तेव्हा म्हणाला की त्याचे पेशंट औषध घेत नाहीत आणि तक्रारही करत नाहीत. माझ्या वाट्याला मात्र बाबा आले.

दादा, भिंतीखाली माणसं असतात हे वाचलं की मला कसंतरीच होतं. जप.

तुझी माया आहेच, ती पत्रातून थोडी दिसू दे.

तुझी,
खार

१५ मार्च

चि. खारीस,
अ. उ. आ.

दुसरी फिल्म पाठवतोय. या वेळी बाबा निमूट चालले, याचीच मला काळजी वाटते. घरातही भिंतीला हात लावून चालतात. म्हणतात, ही चाल माझी नाही, खाणीची आहे, तिथली जमीनच बोलायला लागलीय. काल दुपारी भिंतीवरून बारीक खडे सुटत होते ते त्यांनी मला हाताला धरून दाखवले. मी आकडे काढून दाखवले. दोन मिलिमीटर. काल दोन, परवा दोन. बाबांनी कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि परत दिला.

खरं सांगू, ते खडे मलाही खटकले. पण खटकण्याचा अहवाल लिहिता येत नाही. मॅनेजरना भिंतीच्या अगदी पायथ्याशी नवं खोदकाम काढायचं आहे. सोमवारपासून साठाऐवजी ऐंशी माणसं. माझी सही हवी होती. आकडे स्वच्छ होते, नाही म्हणायला कारण सापडेना. सही केली.

सही केल्यापासून जेवण गोड लागत नाही. बाबांचं काय ते कळव.

तुझा,
दादा

१८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सकाळी केलेली तार मिळाली असेलच. तीत एवढंच मावलं की खांब हलतोय, माणसं वर काढ. आता नीट लिहिते. टपाल निघायच्या आत संपवायचंय, अक्षराला हसू नकोस.

दुसऱ्या फिल्ममध्ये बाबा आधीच्या दुप्पट कललेले दिसले. मी घाबरले. मग व्हरांड्यात तारेने टांगलेला दिवा पाहिला. पहिल्या फिल्ममध्ये त्याची तार चित्राच्या कडेशी समांतर होती. दुसऱ्यात तीही कललेली आहे, जवळजवळ एक अंश. टांगलेला दिवा कलत नाही, दादा. कलला तो कॅमेरा. आणि कॅमेरा तू खांबालाच आवळला होतास.

तुझ्या यंत्राने हे दाखवलं नाही, कारण तू रोज बुडबुडा मधे आणत होतास. खांब झुकत होता आणि तू स्क्रू फिरवून त्याचा झुकाव रोज पुसत होतास. किती फिरवले ते कुठे लिहिलंस का? मला वाटत नाही. खांब भिंतीबरोबरच सरकत असेल तर तुझे दोन मिलिमीटर म्हणजे दोघांमधला फरक आहे. भिंत स्वतः किती सरकली ते तुला माहीतच नाही.

मी तुला शहाणपण शिकवत नाही. गेल्या वर्षी एका मुलीच्या कमरेची टिकली मी स्थिर धरली आणि पाय छान पडतोय असं लिहून दिलं. कंबरच खचत होती. ती पोर जिन्यावरून पडली. ते मी तुला कधी सांगितलं नव्हतं, लाज वाटली म्हणून.

खांबाचा झुकाव वजा केला तरी बाबांचा थोडा उरतो. तो त्यांचा स्वतःचा. त्याचं नंतर बघू. आधी माणसं वर काढ आणि मला कळव. जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
खार

२५ मार्च

चि. खारीस,
अ. उ. आ.

तार हातात पडली तेव्हा मी खांबावरच होतो. भोंगा वाजवला, सगळ्यांना वर घेतलं. मग समोरच्या टेकडीवर, पक्क्या खडकात, नवीन जागा करून मोजलं. पहिल्या दिवशी अकरा मिलिमीटर, दुसऱ्या दिवशी एकोणीस. मॅनेजरना सांगितलं की माझे आधीचे सगळे आकडे चुकले. त्यांनी कारण विचारलं. भिंत का सरकतेय ते मला सांगता येईना, फक्त सरकतेय एवढंच येत होतं. ते म्हणाले, सही असलेला आकडा दोनचा आहे, दोन दिवसांच्या आकड्यासाठी खाण बंद ठेवता येणार नाही. शनिवारी सकाळी आठला गाड्या खाली जातील.

वहीतली सही मी लाल पेनने खोडली. सकाळी एकेका गाडीपाशी जाऊन सांगितलं. माणसं ओशाळं हसली. गेली सहा वर्षं ती माझ्याच सहीवर खाली जात होती, आता मीच नको म्हणत होतो. त्यांना काय खरं वाटणार? पहिल्या गाडीत बावीस जण होते.

तेवढ्यात बाबा काठी घेऊन घरातून निघाले आणि उताराच्या रस्त्याला लागले, गाडीच्या पुढे. रस्ता तुला आठवतो, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, एक गाडी जेमतेम मावते. ड्रायव्हरने हॉर्न दिला. बाबांनी वळून पाहिलं नाही. मॅनेजरनी त्यांना बाजूला घ्यायला सांगितलं, पण ज्यांना सांगितलं त्यातल्या अर्ध्यांना सुरुंग भरायला बाबांनीच शिकवलं होतं. कुणी हात लावेना. बाबा डावीकडे कलत, सावरत, दर दहा पावलांनी थांबत चालत राहिले. मागे गाड्या इंच इंच सरकत होत्या. मी शेजारून चालत होतो.

भिंतीखाली उतरणाऱ्या वळणापर्यंत तीनशे मीटर. एकतीस मिनिटं लागली. पहिली गाडी वळणाच्या अलीकडेच होती तेव्हा भिंत खाली आली. पायथ्याचं नवं खोदकाम दिसेनासं झालं. धुरळा बसला तेव्हा खांबही नव्हता. बावीसच्या बावीस जण रस्त्यावर उतरून उभे होते. मी त्यांना पुन्हा पुन्हा मोजलं.

बाबा आता तुझ्याकडे यायला तयार आहेत. पुढच्या आठवड्यात घेऊन येतो. त्यांना मी म्हटलं की खार तुमची चाल सरळ करील. यावर ते म्हणाले, सरळ चालता आलं असतं तर आम्ही सगळे वेळेवर पोचलो असतो.

आहे तशीच राहा, एवढंच मागणं.

तुझा,
दादा